चारची जीप चारला

दारव्ह्यात कंपनी या शब्दाचा अर्थ ‘जी पळून जाते ती’ असा आहे. एक सागाच्या रोपांची आली, ती पळाली. एक शेळ्यांची आली, ती शेळ्यांसकट पळाली. शेवटची तर जाताना घरमालकाचं कुलूपही घेऊन गेली. त्यामुळे मी चौकात फ्लेक्स लावला, ‘चला, दोन दिवसांत कंपनी काढू! शनिवार-रविवार, समाजमंदिर, दारव्हा’, तेव्हा फ्लेक्सखाली उभं राहून लोकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: “दोन दिवसात काढता, मंग पळता कवा?”

मी संघदीप. पुण्याला एका ऑफिसात तीन वर्षं खुर्चीवर बसून आलो. तिथं असले मेळावे दर महिन्याला भरतात. शुक्रवारी अनोळखी माणसं एकत्र येतात, रविवारी कंपनी घेऊन घरी जातात. मी गेलो होतो त्यात पहिला नंबर आला तो कुत्र्याचा मूड ओळखणाऱ्या ॲपचा. कुत्रा आला नव्हता. मला टी-शर्ट मिळाला. तोच घालून मी गावी परत आलो, आणि जे पुण्यात कुत्र्यासाठी होतं ते दारव्ह्यात माणसासाठी का होऊ नये, असा मला प्रश्न पडला. माझ्याकडे टी-शर्ट होता, फ्लेक्स होता, चहावाला ठरला होता. कंपनी काढणारं कोणी नव्हतं.

ते कोणी मला जीपच्या स्टँडवर सापडलं.

आमचा काळ्यापिवळ्या जीपचा स्टँड दोन नियमांवर चालतो. पहिला: गाडी भरल्याशिवाय निघत नाही. आतल्या माणसाला स्वतःचा पाय कुठला हे ओळखता येईनासं झालं, की गाडी भरली. दुसरा नियम रुमालाचा. खिडकीतून रुमाल टाकला की ती जागा तुमची, मग तुम्ही चहा प्या, दाढी करून या, कोणी उठवू शकत नाही. आणि ज्या गाडीत रुमाल पडले त्या गाडीचा नंबर, म्हणजे निघायची पाळी, कोणी तोडू शकत नाही. आधी रुमालवाल्यांना पोचवायचं, मग भांडायचं. हे दोन्ही नियम धावजीकाकांनी लावले. धावजीकाका म्हणजे स्टँडचे अध्यक्ष. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, आणि मोबाईलवर कायम कोणाला तरी ‘थांब’ सांगणारा आवाज. एकदा त्यांनी एका फौजदाराला सीटवरून उठवलं होतं, कारण तिथं एका म्हातारीचा रुमाल होता. तेव्हापासून त्यांच्या शब्दाला स्टँडवर कायद्यापेक्षा जास्त मान आहे. कायद्याला मुळात फारसा नव्हताच.

त्या दिवशी मी स्टँडवर चहा पीत होतो आणि अंजू त्यांच्यासमोर उभी होती. अंजू राठोड, पलीकडच्या तांड्यावरची, माझ्या शाळेतली. तिचा बाप शंकरसिंग या स्टँडवरचा जुना ड्रायव्हर. अलीकडे त्याला रात्री समोरून येणारा एक ट्रक दोन दिसायचा. दिवसाही दोन दिसायला लागले तेव्हा त्यानं स्टेअरिंग सोडलं. “दोन ट्रकच्या मधून गाडी काढू नये,” एवढंच म्हणाला. गाडी दारात उभी राहिली. आणि स्टँडवर न येणाऱ्या गाडीचा नंबर कापायचा, ही तिथलीच रीत.

“रविवारपावतर ड्रायव्हर आण,” धावजीकाका म्हणत होते. “नाही तं सोमवारी नंबर भारतले.” भारत म्हणजे त्यांचा पुतण्या. तो शेजारीच नवी जीप पुसत होता. ती आधीच चकचकीत होती.

“ड्रायव्हर हाय ना काका. मीच.”

“तू?”

“लायसन हाय, बिल्ला हाय. तुमीच तं पेढा खाल्लता.”

“पेढा खाल्ला, छोरी, म्हणून का नंबर देऊ? नंबर बापाचा पोराले जाते. शंकरसिंगले पोरगा हाय का?”

“मी हाय.”

“पोरगा म्हटलं म्या.”

“कोणत्या नियमात हाय हे?”

“कोणत्याच नाही. आजपावतर कामच नाही पडलं.” मग बसलेल्या ड्रायव्हरांकडे पाहून काकांनी मिशीवरून हात फिरवला. “असं कर, कंपनी काढ एखादी. कंपनी बाईबी नसते अन् माणूसबी नसते. तिले देतो मी नंबर.”

सगळा स्टँड हसला. भारत तर पुसायचं थांबवून हसला. अंजू हसली नाही.

“पक्कं?”

“पक्कं. सगळ्याइच्या समोर बोललो.”

ती वळली, सरळ माझ्या टेबलाशी आली, आणि माझ्या टी-शर्टकडे बोट दाखवून म्हणाली, “संघ्या, तुया त्या तमाशात कंपनी खरंच निघते का?”

“निघते ना. टी-शर्टही मिळतो.”

“टी-शर्ट तू घाल. कशाची कंपनी काढायची हे मले ठाऊक हाय.”

आणि तिनं सांगितलं. भरो न भरो, ठरल्या वेळेला निघणारी जीप.

मी चहाचा कप खाली ठेवला. पुण्यात मी भलभलत्या कल्पना ऐकल्या होत्या, पण एवढी भयंकर नव्हती. “खाली गाडी?” मी म्हटलं. “रिकाम्या जागा घेऊन? डिझेल जाळत?”

“बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाले यवतमाळले पेपर होता माया,” ती म्हणाली. “अकराचा. साडेआठले गाडीत बसली मी. भरली नव्हती. दोन सवाऱ्यांसाठी दुपारपावतर उभी राह्यली गाडी. मी पोचली तवा पोरी पेपर देऊन बाहेर येऊन राह्यल्या होत्या.”

“ड्रायव्हरला सांगायचंस.”

“ड्रायव्हर बापू होते.”

मी तिच्या चहाचे पैसे दिले.

*

समाजमंदिराची किल्ली मथुराआत्याकडे असते. ती माझी सख्खी आत्या, महिला मंडळाची अध्यक्ष, अंगणवाडीतून निवृत्त. मंदिर द्यायला तिची एकच अट. “दहा म्हणजे दहा. सव्वादहा म्हणजे उद्या.” ती गंमत करत नव्हती. एका बुद्धपौर्णिमेला मोठे साहेब प्रमुख पाहुणे होते. ते आले तेव्हा वंदना झाली होती, भाषणं झाली होती, खीर संपली होती, आणि आत्या झाडू मारत होती. तिनं त्यांना पाय वर घ्यायला सांगितलं.

शनिवारी दहा वाजता समाजमंदिरात आत्या, मी, अंजू आणि एक इमू होता.

इमूबद्दल सांगतो. लाडखेडचे गोविंदाकाका कापसाच्या टेम्पोतून त्याला घेऊन पहाटेच आले होते. कोणे एके काळी एका कंपनीनं त्यांना हा पक्षी दिला, अंडी आम्हीच विकत घेऊ म्हणून सांगितलं, आणि मग कंपन्या जे करतात ते केलं. आता फ्लेक्स वाचून काका माणसाएवढा उंच पक्षी दोरीला धरून दारात उभे होते.

“कंपनी आली म्हणे,” ते म्हणाले. “हे वापस घ्या.”

“काका, ती कंपनी वेगळी.”

“कंपनी सगळी एकच असते, बाबू. दस्तखत कुठं करू?”

“नाव काय याचं?” अंजूनं विचारलं.

“मॅनेजर,” काका म्हणाले. “खरा मॅनेजर पळाला, हा राह्यला. म्हणून.”

आत्यानं घड्याळ पाहिलं, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोला फूल वाहिलं, आणि मॅनेजरला बाहेर ठेवून दाराला आतून कडी घातली. बाकीचे लोक त्यानंतर आले. त्यांनी पूर्ण कार्यक्रम खिडकीतून पाहिला. तीन खिडक्यांत माणसं आणि चौथीत मॅनेजर, अशी आमची उपस्थिती होती. मी पुण्यात शिकलो होतो त्याप्रमाणे प्रत्येकाला एक मिनिट दिलं. खिडकीतल्यांनाही दिलं, कारण नाही तर आत मी एकटाच बोलत राहिलो असतो.

रवीनं, हा माझा मामेभाऊ, लग्नात कोण रुसणार हे आगाऊ सांगणारी कंपनी मांडली. तिला जोरदार टाळ्या पडल्या. दोन जणांनी आपलीच नावं लगेच नोंदवायला सांगितली. एकानं बँकेच्या रांगेत तुमच्या जागी उभं राहणारी कंपनी मांडली. तो अर्ध्यात गेला, कारण त्याला बँकेत रांगेत उभं राहायचं होतं. मग अंजू उठली. ती एक मिनिटही बोलली नाही.

“जीप. रोज. ज्या वेळेले म्हटली त्या वेळेले. एक सवारी असो का दहा.”

 मग एक जण म्हणाला, “खाली गाडी? काहून? डोकं फिरलं का वो ताई तुमचं?”

“तुमचं फिरलं नाही का? दीड दीड तास उन्हात डब्यात बसता. उतरून बोलता का कधी काही?”

“उतरलो तं जागा जाते ना.”

“हां, तेच.”

मतदान सोयाबीनच्या दाण्यांनी ठेवलं होतं. प्रत्येकी एक दाणा, ज्याची कंपनी आवडली त्याच्या स्टीलच्या ग्लासात टाकायचा. ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर होते, बाहेरच्यांना सोयीचं व्हावं म्हणून. ही चूक होती. मी मागे वळून ‘आता मोजणी’ असं म्हणेपर्यंत मॅनेजरनं सर्व मतं खाल्ली होती. रवीचा ग्लास काठोकाठ भरला होता, निदान रवीचं तरी म्हणणं तसं होतं. आत्या म्हणाली, मतं परत निघू शकत नाहीत, निघाली तरी मी मोजणार नाही. तिनं फैसला दिला: जी कंपनी उद्याच्या उद्या चालून दाखवेल ती जिंकली. चाकं एकाच कंपनीला होती. रुसणाऱ्यांची कंपनी काढणारा रवी तिथल्या तिथं रुसला आणि आम्हाला अगोदर कळलं नाही. म्हणजे त्याच्या कल्पनेत दम होता, हे मी आजही मान्य करतो.

दुपारी स्टॅम्पपेपरवर भागीदारी झाली. तीन भागीदार: अंजू, मथुराआत्या आणि मी. आत्यानं यात पडायचं कारण मी विचारलं तर म्हणाली, “मह्यावालं निम्मं आयुष्य त्या जीपमधी बसून गेलं. चालत्या नाही. उभ्या.” नावावर जरा वाद झाला. मी ‘गेली ट्रॅव्हल्स’ सुचवलं. आत्या म्हणाली, गेली म्हटलं की लोक पोलिसात जातील. शेवटी ‘निघाली ट्रॅव्हल्स’ ठरलं. रविवारी दुपारी चारला, दारव्हा ते यवतमाळ, पहिली फेरी.

चहा चालू असताना धावजीकाका आले. दारात उभे राहिले. मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरनं त्यांच्याकडे पाहिलं. दोघांच्या मानेचा ताठा सारखाच होता.

“कंपनी निघाली म्हणे,” काका म्हणाले.

“निघाली, काका,” अंजू म्हणाली. “तुमी शब्द देल्ला होता.”

“देल्ला. उद्या चारचा नंबर तुया. धावजी शब्द फिरवत नाही.” त्यांनी चहा घेतला, बशीत ओतला, फुंकला. “पण छोरी, कंपनीचं उद्घाटन असं उघडंनागडं होते का? म्या भाऊले फोन केला. भाऊ येऊन राह्यले झेंडी दाखवाले. चारले.”

काका चहा संपवून गेले. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांचं नाव घ्यायची गरज पडत नाही, कारण ते प्रत्येक फ्लेक्सवर असतात. माझ्या फ्लेक्सवर नव्हते, हे त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. भाऊ कधीही, कुठंही, वेळेवर आलेले नाहीत. एका बारशाला आले तेव्हा पोरगं बालवाडीत जात होतं. आणि भाऊ आल्याशिवाय आमच्या तालुक्यात नारळ फुटत नाही, फीत कापली जात नाही, पंगत बसत नाही.

“थांबलो तं वेळेवर निघणारी कंपनी पहिल्याच दिवशी मेली,” अंजू म्हणाली. “नाही थांबलो तं भाऊचा अपमान. सोमवारी नंबर भारतले, अन् वरून सगळे म्हणतील पोरीले रीत नाही.”

“मग?” मी म्हटलं.

“मंग काय मंग? शाल आण, नारळ आण. कार्यक्रम तू पाय. गाडी मी पायतो.”

*

रविवारी पावणेचारला स्टँडवर अख्खा बाजार लोटला होता. रविवारी दारव्ह्यात मनोरंजन कमी असतं. शंकरसिंगची जीप धुऊन, झेंडूचा हार घालून पहिल्या नंबरवर उभी होती. स्वतः शंकरसिंग काळा चष्मा लावून चहाच्या टपरीच्या बाकावर बसला होता. मुलीच्या गाडीत बसायला त्याला बोलावलं, तर म्हणाला, मालकानं सवारीची जागा अडवू नये.

सवाऱ्या चार होत्या. पुढं मथुराआत्या, पर्स मांडीवर. मध्ये विमलताई, यवतमाळच्या दवाखान्यात नर्स, संध्याकाळच्या ड्युटीवर चाललेल्या. आणि वैष्णवी, होस्टेलला परत जाणारी. मागं गोविंदाकाका. त्यांना मॅनेजरसह लाडखेडला सोडायला स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांनी नकार दिला होता. अंजू म्हणाली, बसा.

तिकिटाचा प्रश्न निघालाच. शेळीचं अर्धं आणि कोंबडीचं माफ, असा स्टँडचा दर आहे. इमू कोंबडी की शेळी, यावर ड्रायव्हरांत दोन तट पडले. धावजीकाकांनी फैसला दिला. “दोन पाय हायत. उंची माणसाएवढी हाय. पूर्ण तिकीट.” न्याय म्हटलं की काका पक्ष पाहत नाहीत.

मी माईक हातात घेतला. माझ्या डाव्या काखेत शाल होती, उजव्या काखेत नारळ, आणि टी-शर्ट इस्त्रीचा होता. “थोड्याच वेळात,” मी म्हणालो, “भाऊंचं आगमन होत आहे.”

“भाऊ रस्त्यात हायत,” धावजीकाका मोबाईल कानाला लावून म्हणाले. आमच्याकडे रस्त्यात आहे म्हणजे माणूस आंघोळीला गेलेला असतो.

अंजूनं सीटवर बसून आरसा नीट केला. आत्यानं मनगट वर करून घड्याळ पाहिलं. “दोन मिनिटं,” ती म्हणाली.

“दोन मिनिटांत भाऊ कुठून येतात आत्या?” धावजीकाका म्हणाले. “अर्धा घंटा थांबा. अर्ध्या घंट्यानं कोणी मरते का?”

“माया पेशंट मरते,” विमलताई आतून म्हणाल्या.

“अन् रिकाम्या जागा पाय छोरी, पाच जागा खाली हायत. थांबली तं भाऊबी येतात, सवारीबी येते. स्टँडची रीत हाय. खाली गाडी गेली तं उद्या नंबर मागू नको.” काकांचा आवाज आता मोठा झाला होता. “तुया बापानं बावीस वर्षांत खाली गाडी नाही काढली!”

सगळ्यांनी बापाकडे पाहिलं. अंजूनंही पाहिलं. हात स्टेअरिंगवर, पण नजर टपरीच्या बाकावर. मला वाटलं, इथं काम अडलं. धावजीकाकांना तर खात्रीच होती. त्यांनी खुर्ची मागवली.

शंकरसिंगनं काळा चष्मा काढला आणि डोळे बारीक केले.

“माह्याकडं काय पायतं?” तो म्हणाला. “मले तं दोन अंजू दिसून राह्यल्या.”

त्यानं चष्मा खिशात ठेवला.

“दोघीलेबी सांगतो,” शंकरसिंग म्हणाला. “गेर टाका.”

गेर पडला. मी माईकवर ‘भाऊंच्या शुभहस्ते’ एवढं म्हणेपर्यंत जीप हलली. धावजीकाका खुर्चीतून उठले. गर्दीनं आपोआप वाट दिली. समोर बोनेट आलं की माणसं ती देतात. तेव्हा मला आठवलं की मीही एक भागीदार आहे आणि पहिल्या फेरीला मलाही जायचं आहे. मी धावलो. शाल गळ्यात, नारळ काखेत, माईकची वायर पायात.

“अंजू! ए अंजू! मी राहिलो ना!”

तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं थांबते. तिनं घड्याळ दाखवलं. मागच्या जाळीतून मॅनेजरनं मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं, जराही सहानुभूती नसलेल्या डोळ्यांनी, आणि निघाली ट्रॅव्हल्स यवतमाळ रस्त्याला लागली.

*

भाऊ आले तेव्हा ऊन कललं होतं. हातात हिरवी झेंडी होती. मी शाल घातली, नारळ दिला, आणि मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की झेंडी दाखवायला समोर काही नाही.

“गाडी कुठं आहे?” भाऊ म्हणाले.

“गेली, भाऊ.”

“मी यायच्या आधी?”

मी धावजीकाकांकडे पाहिलं. काकांनाही पेच होता. भाऊंना त्यांनीच बोलावलं होतं, आणि त्यांच्या स्टँडवरून त्यांच्यादेखत खाली गाडी गेली होती. दोन्हींत अब्रू त्यांचीच. काकांनी घसा साफ केला.

“फुल्ल झाली भाऊ,” ते म्हणाले. “फुल्ल झाली की थांबत नाही. स्टँडचा नियम हाय.”

“असं? पहिल्याच दिवशी फुल्ल?” भाऊ खूश झाले. “शाब्बास! नाव काढते पोरगी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी झेंडी मोकळ्या रस्त्याला दाखवली, फोटो निघाला. सगळं जुळून आलं होतं. अंजूचा नंबर वाचला, काकांची मिशी वाचली, माझा नारळ कामी आला.

नेमकी तेव्हाच जीप परत आली. यवतमाळहूनही ती ठरल्या वेळेला निघाली होती. आतून मथुराआत्या उतरली, तांड्यावरची म्हातारी बसंतीबाई उतरली, आणखी तीन बाया उतरल्या. अंजू उतरली.

“ये ये पोरी,” भाऊ म्हणाले. “फुल्ल गाडी नेलीस म्हणे!”

अंजूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान जोरजोरात वरखाली केली. धावजीकाकांनी डोळ्यांनी सांगितलं, हो म्हण. आयुष्यात पहिल्यांदा मी आणि धावजीकाका एका बाजूला होतो.

“नाही भाऊ,” अंजू म्हणाली. “खाली होती. चार सवाऱ्या अन् एक पक्षी.”

“छोरी,” काका हळूच म्हणाले, “चूप बस. तुया भल्याचंच बोलून राह्यलो.”

“कायले चूप बसू काका? फुल्ल म्हटलं तं उद्यापासून फुल्ल व्हयेपावतर थांबा लागन. खाली गेलती. मुद्दाम गेलती. उद्याबी जाईन.”

भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पण आतला माणूस निघून गेला. “म्हणजे जागा होती,” ते म्हणाले, “तरी माझ्यासाठी थांबली नाहीस.”

“तुमच्यासाठी जागा होती भाऊ,” अंजू म्हणाली. “तुमी नव्हते.”

 भाऊंनी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या माणसानं कानात सांगितलं की नेरचे लोक वाट पाहताहेत, तिथला कार्यक्रम पाचचा आहे. तेव्हा साडेसहा वाजले होते. भाऊ शालीसकट गेले.

आता राहिले धावजीकाका. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “झालं समाधान?” ते म्हणाले. “स्वतःच्या तोंडानं बोलली, खाली गेलती. सगळ्यांनी ऐकलं. खाली गाडीले नंबर नाही. भारत, उद्या सकाळी पहिली गाडी तुई लाव.”

भारत किल्ली फिरवत उठला. अंजू जागची हलली नाही. जीपसमोर उभी राहिली, हाताची घडी घालून.

“उद्या पहिली किती वाजता हाय वो पोरी?” मागून बसंतीबाईनं विचारलं. ती आत्ताच यवतमाळहून या जीपमध्ये आली होती.

“सात.”

“नाही भरली तं?”

“सात.”

मथुराआत्यानं पर्स उघडली. रुमाल काढला, पांढरा, निळ्या काठाचा, चार घड्या घातलेला. ती जीपजवळ गेली आणि खिडकीतून तो पुढच्या सीटवर टाकला. मग मागं सरकून धावजीकाकांकडे पाहिलं. 

धावजीकाकांचा हात मिशीवर होता, तो तिथंच थांबला.

दुसरीनं रुमाल टाकला. तिसरीनं टाकला. चौथीकडे नॅपकीन होता, तोही चालला. बसंतीबाईनं ओढणीचा पदर चाचपला, कनवटीला हात घातला, काही मिळेना. मग तिनं पायातली चप्पल काढली आणि मधल्या सीटवर ठेवली. “रुमाल नाही मायाकडं,” ती म्हणाली. “हे धर.” शंकरसिंग बाकावरून उठला, चाचपडत आला, आणि काळा चष्मा आत ठेवला. दोन जागांवर ठेवायचा होता त्याला, पण चष्मा एकच निघाला. मग बाकीचे आले. कोणी टोपी, कोणी गमछा. आदल्या दिवसापासून रुसलेल्या रवीनं आपला कंगवा दिला. मीही माझा रुमाल टाकला. भागीदार असलो तरी जागा धरलेली बरी.

भारत जीपपर्यंत आला, आत डोकावला आणि काकांकडे पाहिलं.

काकाही आले. एकेक जागा पाहिली. चपलेजवळ बराच वेळ थांबले. ज्या माणसानं म्हातारीच्या रुमालासाठी फौजदार उठवला होता, त्याला म्हातारीची चप्पल उचलता येईना.

“तुई दुसरी लाव,” ते भारतला म्हणाले.

“पण काका—”

“रुमाल पडले ना बे! दिसत नाही का?” मग ते अंजूकडे वळले. बोट तिच्या नाकासमोर धरलं. “छोरी, नंबर तुया राह्यला. पण एक आयक. सातची सातलेच काढजो. माह्या स्टँडवरून सातची गाडी एक मिनिटबी उशिरा निघाली तं नंबर कापीन, सांगून ठेवतो.”

“काढीन,” अंजू म्हणाली. “तुमी वेळेवर या पायाले.”

बसंतीबाई एका चपलेनं घरी गेली.

सोमवारी सकाळी मी अंघोळ करून, टी-शर्ट घालून स्टँडवर पोचलो तेव्हा धावजीकाका खुर्चीवर बसून होते आणि मनगटावर घड्याळ होतं. ते मी त्यांच्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या नंबरची जागा रिकामी होती.

“गेली?” मी म्हटलं.

“सातले,” काका म्हणाले. “तुई जागा खाली गेली.”

आता रोज तीन फेऱ्या होतात. कधी दहा सवाऱ्या असतात, कधी तीन. मी कंपनीचा तिसरा भागीदार आहे आणि एकदाही त्या जीपमध्ये बसू शकलेलो नाही. मी पोचतो तेव्हा ती गेलेली असते, आणि अंजू म्हणते, भागीदारासाठी थांबली तर भाऊनं काय घोडं मारलं होतं. माझा रुमाल मात्र यवतमाळला जाऊन येतो. विमलताई म्हणतात, तो वेळेवर पोचतो.